खलबत्ता

माणूस म्हातारा केव्हा झाला म्हणायचा, याचे आपल्याकडे पक्के नियम आहेत. राज्य सरकारच्या नोकरीतला बहुतेक माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी म्हातारा होतो, केंद्र सरकारच्या नोकरीतला साठाव्या. दिल्लीच्या पगारात तब्येत दोन वर्षं जास्त टिकत असावी. इन्कमटॅक्सच्या लेखी साठीला तुम्ही ज्येष्ठ आणि ऐंशीला अतिज्येष्ठ. एस.टी.त पासष्टीला अर्धं तिकीट आणि २०२२ सालापासून पंचाहत्तरीला तेही माफ. रेल्वेने मात्र २०२० च्या मार्चमध्ये ज्येष्ठांची सवलतच थांबवली आणि एका फटक्यात आपल्या डब्यांतले सगळे म्हातारे तरुण करून टाकले. च्यवनप्राशवाल्यांना इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते एका परिपत्रकाने झालं.

संगणकाच्या म्हातारपणाला मात्र असा काही नियम नाही. माझ्या पुतण्याच्या मते पाच वर्षांत संगणक म्हातारा होतो. दुकानदाराच्या मते तो घेऊन तुम्ही दुकानाची पायरी उतरता, तेव्हाच होतो. आमच्या हिच्या मते आमचा संगणक घरात आला त्याच दिवशी म्हातारा होता, कारण त्याच्यासाठी तिचं शिवणाचं मशीन माळ्यावर गेलं, आणि ते मशीन अजून टीप घालतं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, तेव्हा तर जगातले कोट्यवधी धडधाकट संगणक एका रात्रीत निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या प्रकृतीत काडीचाही फरक नव्हता. बँकेतून रिटायर झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याही नव्हता. त्या कोट्यवधींत माझ्या पुतण्याचाही एक होता. तेव्हापासून तो माझ्या यंत्राबद्दल जरा जपून बोलतो.

माझं यंत्र म्हणजे १९९९ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जुळवून घेतलेला पेंटियम थ्री. वेग ४५० मेगाहर्ट्झ, स्मरणशक्ती ६४ मेगाबाइट, आत विंडोज ९८, आणि पंधरा इंची काचेचा मॉनिटर. त्या मॉनिटरचं पोट मागे आहे आणि माझं पुढे, एवढाच आम्हां दोघांत फरक. "साहेब, नातवापर्यंत बघायला नको," असं दुकानदार म्हणाला होता. नातू झाला, त्याने बघितलंही नाही, म्हणजे दुकानदाराचं म्हणणं तसं खरंच ठरलं. पण हे यंत्र पहिल्या दिवशी जे जे करायचं ते ते सगळं आजही करतं, आणि त्याच वेगाने करतं. पत्र लिहा, लिहून होतं. पत्त्यांचा डाव मांडा, मांडला जातो. व्हीसीडी घाला, सिनेमा लागतो. असं असून ज्याला त्याला सांगावं लागतं की, "हो, अजून चालतो." हे "अजून" मला फार लागतं. माणसाबद्दलही एकदा का लोक "अजून" म्हणायला लागले, की समजावं.

या "अजून"चा अर्थ मला नानांनी सांगितला. नाना आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. उभी हयात पुण्यातल्या एका थिएटरच्या ऑपरेटर-केबिनमध्ये गेली. दोन मशीनं शेजारी-शेजारी, कार्बनच्या कांड्यांचा झगझगीत उजेड, आणि डब्यातून आलेली रिळं. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका उमटतो. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं, आणि दुसरा ठिपका दिसला की बदली. हा ठिपका पब्लिकला जन्मात कधी दिसला नाही आणि नानांना दुसरं काही दिसलं नाही. कुठल्याही गाजलेल्या सिनेमाचं नाव काढा, नाना त्यातल्या नायिकेबद्दल काही सांगू शकणार नाहीत. पण सातव्या रिळाचा ठिपका पुसट होता, हे सांगतील.

पुढे डिजिटल आलं. डब्यातून येणारा सिनेमा हार्डडिस्कमधून आणि उपग्रहावरून यायला लागला. नानांच्या थिएटरातही २०१० नंतर ते झालं. मी सहज म्हणालो, "मशीनं जुनी झाली असतील ना?" नाना खुर्चीत सावरून बसले.

"साहेब, आमचं मशीन बंद पडलं नाही. एक दिवस नाही, एक खेळ नाही. रिळं यायची बंद झाली."

माझ्या पेंटियमला नेमकं काय झालं आहे, याचं याहून चांगलं निदान कुठल्याही इंजिनिअरने केलेलं नाही. मी त्याच दिवशी ठरवलं, की याला रिळं आणायची. आजकाल सगळं जग ज्या व्हिडिओंवर जगतं, ते याच्या पडद्यावर लावायचे. कशासाठी, असं कृपा करून विचारू नका. रिटायर माणसाला "कशासाठी" हा प्रश्न कधी विचारू नये. सविस्तर उत्तर द्यायला त्याच्याकडे वेळ असतो.

पहिला मुक्काम दारातच. हल्ली इंटरनेटवरच्या जवळजवळ सगळ्या साइट्स कुलूपबंद बोलतात, आणि कुलूप उघडायची भाषा फार तर २००८ पर्यंतची जुनी चालते. माझ्या यंत्राला येते ती त्याच्याही आधीची. म्हणजे आयुष्यभर अंगठा उठवून पेन्शन घेतलेल्या माणसाकडे एकदम ओटीपी मागावा, तसं झालं. पण जगात माझ्यासारखे लोक एकटेदुकटे नाहीत. काही उत्साही मंडळींनी खास असल्या यंत्रांसाठी, नव्या कुलपाची भाषा शिकवलेले ब्राउझर तयार करून ठेवले आहेत, तेही फुकट. त्यातला एक आणून बसवला. आता दार उघडलं, पण यंत्रानेच हरकत घेतली. त्याच्या पोटातला तीस-चाळीस रुपयांचा बटणसेल संपला होता, त्यामुळे रोज सकाळी त्याला वाटे की आज १ जानेवारी १९९९ आहे. समोरच्या साइटने आपला ओळखीचा दाखला पुढे केला की हे म्हणे, "हा दाखला अजून अमलात यायचा आहे." मी दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन मी जिवंत असल्याचं लिहून देतो, त्याबद्दल शंका घेणारे कारकून मी पाहिले आहेत. पण "आपण अद्याप जन्मलाच नाहीत" असं अजून कुणी मला तोंडावर सांगितलेलं नाही.

सेल बदलला. साल लागलं. पान उघडलं, पण कोरं. कारण ते पान म्हणजे पान नव्हेच. तो एक लांबलचक कार्यक्रम असतो आणि तो आधी तुमच्या यंत्राने चालवायचा, मग त्यातून पान निघतं. यूट्यूब २००५ साली सुरू झालं, तेव्हा तिथले व्हिडिओ फ्लॅशवर चालत. २०१५ च्या जानेवारीत यूट्यूबने फ्लॅश बाजूला ठेवलं आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी खुद्द फ्लॅशच निवर्तलं. म्हणजे माझं यंत्र यूट्यूबपेक्षा वयाने सहा वर्षांनी मोठं, आणि धाकट्याच्या घरी थोरल्याला ओळख दाखवावी लागते. आपल्याकडे हे काही नवं नाही.

पण खरी मेख पुढे आहे आणि ती मला फार आवडली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. व्हिडिओ म्हणजे सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं. ती सगळीच्या सगळी कुणी पाठवत नाही, परवडणार नाही. एक चित्र पूर्ण पाठवायचं आणि पुढे नुसता फरक कळवायचा. पूर्वी गावाहून पत्रं यायची ना? "बाकी सर्व क्षेम, फक्त कपिला व्याली." तसं. आता या पत्रातही काटकसरीचे प्रकार आहेत. १९९३ सालच्या व्हीसीडीतली भाषा म्हणजे आमच्या आत्याचं पत्र. लांब, पाल्हाळिक, पण वाचणाऱ्याला डोकं लागत नाही. २००३ साली एच.२६४ नावाची लिपी आली, ती म्हणजे तार. शब्द निम्म्याहून कमी, पण अर्थ लावायचं काम वाचणाऱ्यावर. ("वडील अत्यवस्थ, निघा." कुणाचे वडील, कुठून निघा?) त्यानंतर आलेल्या लिप्या तारेपेक्षाही कंजूष. आपल्याकडची तार २०१३ च्या जुलैत बंद झाली. व्हिडिओत मात्र सगळा कारभार तारेनेच चालतो. माझ्या पेंटियमला पत्र वाचता येतं. तार वाचायला बसवला, की पहिल्या ओळीचा अर्थ लागेपर्यंत पुढच्या चार तारा दारात.

तरीही मी एकदा सगळ्यांत लहान आकाराचा व्हिडिओ घेऊन हट्टाने लावलाच. चित्र अडखळत होतं. तिघांनी पावलं टाकावीत आणि त्यांतलं एकच दिसावं, तसं. आवाज मात्र सलग. नाना शेजारी बसले होते. त्यांनी मान डोलावली. "हुशार आहे. चित्र सोडतंय, आवाज धरतंय. चित्र अडखळलं तर पब्लिक शिट्ट्या मारतं; आवाज गेला तर खुर्च्या फोडतं." माझ्या यंत्राला कुणी हुशार म्हणाल्याला सव्वीस वर्षं झाली होती.

शेवटी पुतण्या रास्पबेरी पाय घेऊन आला. हा इंग्लंडात २०१२ साली निघालेला आधार कार्डाएवढा संगणक. त्याला ना डबा ना पोट. तो मधे बसवला. आता हे कार्टं बाहेरून व्हिडिओ आणतं, तार वाचतं, तिचं आत्याच्या भाषेत पत्र करतं, आणि वायरीतून पेंटियमला देतं. दहा मिनिटांच्या व्हिडिओला चार-पाच मिनिटं लागतात. मग पेंटियम तो असा दाखवतो की बस. व्हीसीडीएवढा आकार, सेकंदाला पंचवीस चित्रं, एक चित्र सुटत नाही.

पहिला खेळ म्हणून आम्ही यूट्यूबवरचा पहिलाच व्हिडिओ लावला. "मी ॲट द झू." २३ एप्रिल २००५ रोजी चढवलेला, एकोणीस सेकंदांचा. संस्थापकांपैकी जावेद करीम सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा आहे आणि हत्तींची सोंड लांब असते, एवढं सांगून थांबतो. ही म्हणाली, "एवढ्यासाठी तीन महिने?" पण नाना गंभीर होते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंचा पहिला खेळ झाला, त्यातही काही महाभारत नव्हतं. मिनिटाभराच्याही आतली चित्रं, आणि विषय काय, तर आगगाडी स्टेशनात येते. "पहिल्या खेळाला गोष्ट नसते," नाना म्हणाले. "हलतंय एवढंच बघायचं असतं."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग पुतण्या म्हणाला, "काका, पण हे चीटिंग आहे. सगळं काम पाय करतोय. तुमचा पेंटियम नुसता दाखवतोय. तो यूट्यूब 'चालवतो' असं तुम्ही म्हणू शकत नाही."

तीन रात्री झोप नाही. कारण पोरगं म्हणत होतं त्यात तथ्य होतं.

चौथ्या रात्री मला माझी आजी आठवली. आजीच्या तोंडात एक दात नव्हता. जेवण झालं की ती लोखंडी खलबत्ता पुढे करायची, आणि आम्हां नातवंडांपैकी जो हाताला लागेल त्याने तिचा विडा कुटून द्यायचा. पान, चुना, कात, सुपारी, सगळ्याचा लगदा. तो ती गालात धरायची आणि डोळे मिटायची. आता सांगा, विडा कुणी खाल्ला? आम्ही की आजीने? आम्ही कुटला हे खरं. पण ओठ तिचे रंगायचे, तल्लफ तिची भागायची, आणि कात जास्त झाला तर शिव्याही तीच द्यायची. आजीने विडा खाल्ला नाही असं म्हणायची आमच्या वाड्यात कुणाची छाती नव्हती.

पुतण्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "आजींना दात नव्हते म्हणून. ज्यांना आहेत ते स्वतः चावतात."

चावतात? मी जरा चौकशी केली. यूट्यूबवर कुणीही व्हिडिओ चढवला, की तिथली मोठमोठी यंत्रं आधी त्याची निरनिराळ्या आकारांत आणि निरनिराळ्या लिप्यांत कूट करून ठेवतात. ज्याचं तोंड जेवढं, त्याला तेवढा घास. मग ज्या फोनचा एवढा तोरा, त्याच्याही मुख्य मेंदूला हे बहुधा चावावं लागत नाही. त्यासाठी आत वेगळी दाढ बसवलेली असते, तिला दुसरं काही येत नाही. अमेरिकेत जिम लेनर्ड नावाच्या गृहस्थाने २००४ साली, आयबीएमच्या १९८१ सालच्या पीसीवर, म्हणजे पावणेपाच मेगाहर्ट्झच्या यंत्रावर, हलता सिनेमा आवाजासकट लावून दाखवला. चित्राच्या ठिपक्यांऐवजी त्याने पडद्यावरची रंगीत अक्षरंच अशी भराभर बदलली, की लांबून सिनेमा दिसावा. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला हा सर्वांत थोर पराक्रम. दहा वर्षांनी त्याने तो आणखी सुधारून पुन्हा केला. पण त्याही सिनेमाची तयारी आधी नव्या यंत्रावर झाली होती. म्हणजे खलबत्ता तिथेही होता. या जगात आख्खी सुपारी कुणीच खात नाही. प्रश्न फक्त कुणाचा विडा किती बारीक, एवढाच आहे.

(जाता जाता आणखी एक. या यंत्राचा पॉवर सप्लाय दोनदा बदलला आहे, हार्डडिस्क एकदा, कीबोर्ड चारदा. तेव्हा "तो" पेंटियम म्हणजे नेमका कोणता, असाही पेच आहे. पण त्याचा काथ्याकूट "मिलिंदप्रश्ना"त नागसेनाने राजा मिनँडरपुढे रथाच्या चाकांवरून आणि आसावरून करून ठेवला आहे. पेन्शनरने त्यात नाक खुपसू नये.)

पुतण्याला गप्प केलं, पण ही गप्प बसणारी नव्हे. हिचा मुद्दा वेगळाच निघाला आणि तो मला अजून पुरता उलटवता आलेला नाही.

त्याआधी तिचे किरकोळ मुद्दे. मी म्हणालो की या यंत्रावर बरं असतं. एक व्हिडिओ मागायचा, पाच मिनिटं थांबायचं, तो बघायचा, संपला की संपला. पुढचा आपोआप सुरू होत नाही. थांबावं लागतं म्हणून माणूस विचार करून मागतो. तर ही म्हणाली, "रॉकेलच्या रांगेतही आम्ही विचार करूनच उभ्या राहायचो. टेलिफोनला वर्षानुवर्षं थांबलो, म्हणून काय फोनवर वेदान्त बोललो? नंबर लावण्यात पुण्य असतं तर रेशनचा दुकानदार वैकुंठाला गेला असता." नंतर तिने विजेचं बिल पुढे केलं. मॉनिटर आणि डबा मिळून शे-दीडशे वॅट खाणार, आणि तेच चित्र तिच्या मोबाइलवर पाच-सात वॅटच्या आत याहून स्वच्छ दिसणार. तेव्हा पर्यावरणाचं नाव काढू नका. मी तरी काढलंच. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, आणि त्यातला जेमतेम बावीस टक्के रीतसर गोळा होऊन मार्गी लागला, असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा २०२४ चा अहवाल आहे. आपल्या मॉनिटरच्या काचेत शिसं आहे, तो कुठेतरी फोडला जाणार, ते शिसं कुणाच्या तरी अंगणात जाणार. यावर ती थोडी थांबली. शिसं तिला पटलं. वॅट मला पटले. एवढ्यावर तह झाला.

खरा मुद्दा पुढे. ती म्हणाली, "अहो, त्याला हे करायला लावणं बरं दिसतं का? त्याचं वय झालं, त्याची कामं त्याने केली. आता पत्रं लिहा, पत्ते खेळा त्याच्याशी. लग्नात म्हाताऱ्याला धरून मधे ओढतात आणि नाचवतात, तसं चाललंय तुमचं. हसतात लोक. म्हाताऱ्याला वाटतं, कौतुक चाललंय."

हे माझ्या जिव्हारी लागलं, कारण मागच्याच मे महिन्यात मी हे प्रत्यक्ष पाहिलं होतं. आमच्या सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या. त्यांना नातवंडांनी गॉगल घातला, मागे कसलंसं गाणं लावलं आणि त्यांची "रील" काढली. (नानांची रिळं यायची बंद झाली आणि ही आली. शब्द मात्र जुनाच वापरतात. तेवढीच पूर्वजांची आठवण.) पंधरा सेकंद सासूबाई हात वर करून डुलतात. हजारो लोकांनी पाहिली म्हणे. मला ती पाहवली नाही. ज्या बाईने एका पगारात सहा मुलं शिकवली, जिच्यापुढे उभं राहून बोलायला माझे सासरे वीस वर्षं चाचरले, तिचं हे काय करून ठेवलं? नातवंडांना विचारावं, तर त्यांच्या मते हा आजीचा सन्मान.

सन्मान की थट्टा, हे ठरवायचं कशावरून? करणाऱ्याच्या मनावरून म्हणावं, तर नातवंडांच्या मनात पाप नव्हतं. बघणाऱ्याच्या हसण्यावरून म्हणावं, तर हसणं दोन्हीकडे सारखंच दिसतं. ज्याला नाचवलं त्याला विचारावं म्हणावं, तर मी सासूबाईंना फोन करून विचारलंही. जरा आडवळणाने विचारलं, जावई आहे. त्या म्हणाल्या, "बरी आली हो, पण पदर घसरलेला दिसतो. मी म्हणत होते पुन्हा घ्या, तर कार्ट्यांनी तशीच टाकली." म्हणजे माझी सगळी कणव पाण्यात. निदान सासूबाईंच्या बाबतीत. पेंटियमला कसं विचारायचं? तो नको झालं की गोठतो, एवढीच त्याची भाषा. आणि तो पत्ते खेळतानाही गोठतो.

मी हा पेच नानांपुढे टाकला. नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमचं एक मशीन भंगारात गेलं. किलोवर. दुसरं थिएटरवाल्यांनी पॉलिश करून खाली लॉबीत ठेवलंय. वर दिवा सोडलाय. पोरं शेजारी उभी राहून फोटो काढतात." मला वाटलं, नानांना अभिमान वाटत असेल. "लेन्स काढून घेतलीय साहेब त्याची. भोक आहे नुसतं. मी गेलो होतो बघायला. आत बोट घातलं तर धूळ." पुढे म्हणाले, "तुम्ही तुमच्याचं हसं करा, पण त्याच्यातून काहीतरी दाखवा."

हे काही उत्तर नव्हे, आणि हिलाही ते पटलेलं नाही. तिचं म्हणणं, नाना बोलतात ते मशीनबद्दल नव्हे. मला हे कळत होतं; पण काही गोष्टी कळल्या तरी मोठ्याने बोलायच्या नसतात, आणि ही नेमक्या त्याच बोलते. वर तिचा एक युक्तिवाद असा, की आपण दसऱ्याला या संगणकाला झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू वाहतो, आणि दिवाळीच्या साफसफाईत "हे कधी जायचं?" म्हणतो, तेव्हा यंत्राचं देणं वगैरे आपल्याला कुठे झेपतं. हार कोण घालतं, असं मी विचारलं नाही. तीच घालते.

गेल्या महिन्यात सोसायटीत इलेक्ट्रॉनिक कचऱ्याची गाडी यायची होती, त्यासाठी आधी कागद फिरला. वस्तूचं नाव, संख्या, आणि शेवटी "स्थिती: चालू / बंद. नको ते खोडा." मिक्सर, दोन चार्जर आणि प्रिंटर यांच्यापुढे मी चटकन "चालू" खोडलं. पेंटियमच्या ओळीवर पेन तसंच राहिलं. चालू म्हणावं तर कागदावर नाव कशाला लिहायचं? बंद म्हणावं तर खोटं. वॉचमन कागदासाठी थांबला होता. "साहेब, दोन्ही ठेवा, त्यांना चालतं," असं तो म्हणाला. त्यांना म्हणजे कुणाला, कोण जाणे. मी ती ओळच खोडली. ही स्वयंपाकघरातून बघत होती, काही बोलली नाही.

त्याच शनिवारी नाना आले, आणि पहिल्यांदाच हिने फर्माईश केली. "आईची ती रील लावा बघू यावर." रास्पबेरी पायने कुटली, पंधरा सेकंदांची, त्याला काय वेळ लागतो. ती मोबाइलवर काढलेली, म्हणजे उभी. आणि आमचा पडदा जुन्या सिनेमासारखा आडवा. त्यामुळे दोन्ही बाजूंना काळोख आणि मधोमध वीतभराहून अरुंद पट्टीत सासूबाई, गॉगल घालून, हात वर करून. काचेच्या मॉनिटरवर तो जरा तांबूस, ऊबदार रंग असतो ना, त्यात. नाना पुढे वाकले.

"पडदा चुकलाय," ते म्हणाले. "पण बाई ताल सोडत नाहीत."

"पदर घसरलाय खरा," ही म्हणाली. "पुन्हा लावा. आणि आवाज थोडा वाढवा हो."